पाण्याचं वेळापत्रक

गेल्या वर्षी गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि भाषणं. आताच्या मुख्याध्यापकांनी तपासणीची जुनी शेरेबही काढून तिच्यातला एक शेरा वाचून दाखवला. दुष्काळात या शाळेने पाण्याचं उत्तम नियोजन केलं, एकही मूल तहानलेलं राहिलं नाही, आणि त्याचं श्रेय सातवीच्या वर्गशिक्षकांना, असा त्याचा मतलब. तो वर्गशिक्षक मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. घरी येऊन शाल उतरवताना मला स्वतःची शिसारी आली.

तो शेरा खोटा आहे. तो खोटा कसा, हे सांगू शकेल असा त्या वेळचा मास्तर आता मी एकटाच उरलो आहे.

अहमदपूरहून जळकोटकडे जाताना आत असलेलं ते गाव. लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. आधी कचेरी उस्मानाबादेत होती, तिथून आमच्याकडे कुणी फिरकत नसे. आता लातूरहून जीप यायला लागली आणि मास्तर लोक जरा टापटिपीत राहू लागले. ओळीनं दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. टँकर एक दिवसाआड यायचा. त्यातून शाळेला दोन रांजण मिळायचे.

शाळेत पाणी पिण्याची एक रीत होती. गावातली पोरं पेल्यानं प्यायची. बौद्ध वस्तीतल्या पोरांनी रांजणाला हात लावायचा नाही. त्यांनी ओंजळ धरायची आणि गावातल्या एखाद्या पोरानं लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून पाणी ओतायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मीही जमीनजुमला असलेल्या शेतकऱ्याच्या घरातला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं तर दिसत होतं, पण बघायचं नव्हतं.

पाणी कमी पडायला लागलं तशी पोरांची रेटारेटी सुरू झाली. मग मी वेळापत्रक केलं. माझं अक्षर चांगलं. पुठ्ठ्यावर लाल-निळ्या शाईनं लिहिलं आणि रांजणाच्या वर टांगलं. आधी गावातली मुलं, मग मळ्यावरची, शेवटी वस्तीवरची. प्रत्येक गटाला दहा मिनिटं. वस्तीची पाळी येईपर्यंत रांजणाच्या तळाला गाळ राहायचा. हेडमास्तर पान थुंकून त्याच पाण्यानं चूळ भरायचे. फळा काळाभोर दिसावा म्हणून मी रोज एक तांब्या पाणी घेऊन तो पुसायचो. वस्तीची सात पोरं होती. माझ्या फळ्याला लागायचं तेवढं पाणी त्या सातांना पुरलं असतं.

लातूरहून तपासणीचे साहेब आले ते सकाळी, रांजण भरलेले असताना. त्यांनी पुठ्ठा वाचला, माझी पाठ थोपटली आणि शेरा लिहिला.

त्या सातांत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. गणितात तिच्याइतकं कुणी नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती बाकीच्या सहांना घेऊन वस्तीवरच्या विहारात जायला लागली. विहार म्हणजे चुना मारलेली पत्र्याची एक खोली. तिचा आजोबा नांदेडला रेल्वेत खलाशी होता, रिटायर होऊन गावी आलेला. तो तिथं पाण्याचा माठ भरून ठेवायचा. पोरं परत यायला दहा-पंधरा मिनिटं उशीर व्हायचा. सगळ्या वर्गांची दुपारची हजेरी माझ्याकडे असायची, तिच्यात मी त्यांना गैरहजर मांडायचो.

एकदा त्यांना पकडायला म्हणून मी विहाराच्या भिंतीआड उभा राहिलो. आत पोरं ओळीनं बसलेली. त्रिशरण झालं, मग एकोणतीसचा पाढा. म्हातारा सांगत होता, "वाकायचं ते बुद्धापुढं. पान्यासाटी कुनापुढं न्हाई." मग ती मुलगी उठली, माठातून स्वतः पेला बुडवला, आधी लहानग्यांना दिला आणि नंतर उभ्याउभ्या पेला तोंडाला लावून प्याली. पाचवीपासून तीन वर्षं मी तिला शिकवत होतो. तिला पेल्यानं पाणी पिताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिथून मी गुपचूप परत आलो आणि हजेरीपटावर सातही जण गैरहजर मांडले.

सातवीच्या परीक्षेचे फॉर्म गेले. तिचा गेला नाही. म्हातारा शाळेत आला आणि व्हरांड्यात उभा राहिला. बसा, असं कुणी म्हटलं नाही.

"नातीचा फारम गेला न्हाई म्हनं, गुरुजी."

"हजेरी भरत न्हाई तिची. दुपारची रोज गायब."

"दुपारी पानी प्यायला जाती ती."

"शाळेत पाणी हाय की."

"हाय. पुठ्ठ्यावर हाय," म्हातारा म्हणाला. "रांजनात न्हाई."

आतून हेडमास्तर म्हणाले, "विहारात मंत्र म्हणायला लई येळ हाय तुमच्या पोरांला. शाळंत बसायलाच न्हाई."

"पाढे बी म्हनतेत, साहेब. तुमच्या लेकाला एकोनतीसचा इचारून बघा."

हेडमास्तर हसले. मीही हसलो. म्हातारा हसला नाही.

आठ दिवसांनी तो परत आला. त्यानं सातही पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले मागितले. अहमदपूरच्या शाळेत बोलून आला होता. नातीचं एक वर्ष वाया जाणार होतं, ते त्यानं मान्य केलं होतं. दाखले मीच लिहिले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात सातही दाखल्यांवर लिहिलं, सतत गैरहजर. त्यानं ओठ हलवत ते वाचलं.

"कारन खोटं हाय, गुरुजी."

"नियमात तसंच बसतं."

"ऱ्हाऊ द्या. सही तेवढी ठळक करा. पुसट नको."

मी ठळक सही केली.

सत्कारानंतर दोन महिने मी त्या मुलीचा पत्ता शोधला. ती हदगावला मुख्याध्यापिका आहे, आता तिच्याही निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. दाखला दुरुस्त करावा, कारण चुकीचं लिहिलं होतं, असा अर्ज लिहून मी तिच्याकडे गेलो. तिनं मला बसवलं, अर्ज वाचला, आणि कपाटातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला तो दाखला काढून माझ्यापुढं ठेवला. माझं अक्षर अजून चकचकीत.

"हा मी दर रविवारी विहारात नेते," ती म्हणाली. "नवीन पोरं आली की वाचायला देते. आजोबांनी तसं सांगितलं होतं. कारण वाचा, खालची सही वाचा, आणि मग अभ्यासाला बसा. तुम्ही दुरुस्त केला तर पोरांना मी काय दाखवू?"

"मग मी काय करू, बाई?"

"आम्हाला सांगून काय उपयोग, गुरुजी? आम्हाला ठाऊकच आहे. टाळ्या ज्यांनी वाजवल्या त्यांना सांगा."

तिनं माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती. अर्ज नेला होता, कारण तो सोपा होता.

पुढच्या महिन्यात मी गावात गेलो. पारावर माझ्याच हाताखाली शिकलेले दहा-बाराजण होते. मी सगळं सांगितलं, फळा पुसायच्या तांब्यासकट. कुणी मान खाली घातली नाही. एकजण म्हणाला, "जुनं कशाला उकरून काढता, गुरुजी? तवा समदीकडं तसंच होतं." दुसरा म्हणाला, "वय झालं. उन्हाचं आलात." आणि त्यानं पोराला पाणी आणायला पिटाळलं.

पाणी आलं. पाराच्या खाली, जरा बाजूला, वस्तीतला एक म्हातारा माणूस बसला होता, माझ्याच वयाचा. माझ्याआधी येऊन बसलेला. पहिला पेला मला दिला. मी तो तसाच हातात धरून बसलो. त्या माणसाला पाणी हवं का, हे कुणी विचारलं नाही.