पाच फेऱ्यांवर दिलेला निकाल

माझं दुकान चिंचवडला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. टीव्हीला जोडायचे आणि हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम, नवे-जुने, विकत किंवा अदलाबदल. नऊ वर्षं हा धंदा करतेय. दारात पाऊल पडलं की गिऱ्हाईक काय मागणार ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो भैरू येळवंडे यांनी मोडला.

गुरुवार होता, म्हणजे चाकणकडच्या कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस. पंचावन्नच्या पुढचा एक माणूस आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला कंपनीचं ओळखपत्र, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी हातात धरून खेळायच्या कन्सोलचा कोरा करकरीत खोका काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ताई, ह्ये काय असतं?"

कंपनीच्या कार्यक्रमात लकी ड्रॉमध्ये लागलेलं बक्षीस होतं ते. "कुकर मिळंल वाटलं व्हतं," असंही ते म्हणाले. मी सांगायला सुरुवात केली आणि फसले, कारण पुढचा तासभर ते प्रश्न विचारत राहिले. बटन किती वेळा दाबल्यावर कामातून जातं? गेममधला माणूस मेल्यावर त्याला परत कोण उठवतं? आणि तो उठणारच असेल तर मरायला घाबरतो कशाला? हा शेवटचा प्रश्न मी आजही गिऱ्हाइकांना विचारते. त्या दिवशी मात्र मी वैतागले आणि त्यांना कटवायला गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम हातात दिला.

पुढच्या गुरुवारी ते गेम परत घेऊन आले. खोक्याला तारेनं एक लाल पुठ्ठा बांधला होता. त्यावर छापील रकाने होते, वस्तू, दोष, कारण, सही, आणि ते सुबक अक्षरात भरलेले होते. दोष: 'ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही, नुसती किंचाळते. भिंतीवर आपटून परत आपोआप नवी होते.' कारण: 'बनवणाऱ्यानं आयुष्यात गाडी चालवलेली नाही.' खाली सही, भै. रा. येळवंडे.

मी पोट धरून हसले. मग विचारलं, काका, तुम्ही करता तरी काय?

ते चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. पंचवीस वर्षं एकाच टेबलाशी. समोर ट्रे यायचा, त्यातले पाच नग उचलायचे, माप घ्यायचं, दिव्याखाली फिरवून बघायचे आणि ट्रेला टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे किरकोळ दुरुस्ती, लाल म्हणजे नापास. एकदा बांधलेला टॅग कधी फाडायचा नाही. निकाल बदलायचाच असेल तर जुन्यावर दुसरा बांधायचा आणि चूक कुणाची ते लिहायचं. पंचवीस वर्षांत काकांना दुसरा टॅग बांधायची वेळ आली नव्हती. हे सांगताना त्यांची मान जरा वर झाली. मला तेव्हा ते थोडं गमतीचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं आगाऊपणाचंही.

पण गेमचं परीक्षण हा माणूस करायचा ते असं, की वाचतच राहावं. मोठमोठ्या परदेशी साइटवर मी बक्कळ परीक्षणं वाचलेली आहेत. दहापैकी आठ, दहापैकी साडेआठ, आणि मधे चित्रांची तारीफ. काका बघायचे भलतंच. तलवारीच्या एका गेमला पिवळा टॅग मिळाला, कारण 'राजा गावभर फिरतो, पण कोणी राम राम करत नाही'. शेतीच्या एका लाडक्या गेमला लाल, कारण 'टोमॅटोला चार दिवसांत फळ आणि कीड एकदाही नाही'. एक साधासा ठोकळे रचायचा गेम मात्र हिरवा पास झाला. शेरा होता: 'जेवढं सांगितलं तेवढंच करतो. असा कामगार मिळत नाही.'

मी त्या टॅगचे फोटो इन्स्टावर टाकायला लागले. वर्षभरात गिऱ्हाईकं दारातूनच विचारायला लागली, काकांचा टॅग काय? लाल टॅगचा खोका हलायचा नाही. माझ्याच दुकानात माझाच माल नापास होत होता आणि मी तो कौतुकानं टांगत होते. धंद्याच्या दृष्टीनं शुद्ध वेडेपणा, पण मला दर गुरुवारची उत्सुकता लागलेली असायची.

अशातच गेल्या वर्षी तनुजा आली. ताथवड्याला इंजिनिअरिंग केलेली, पंचविशीची, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी. तिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं दोन वर्षं खपून हातातल्या कन्सोलसाठी एक गेम बनवला होता. नाव 'न्याहारी'. एक मुलगी डोक्यावर पाटी घेऊन घरातून निघते आणि शेतावर बापाला न्याहारी पोचवते. रोज एक फेरी. एक बटन चालायला, एक हाक मारायला. बस, एवढंच.

"परदेशी दोन साइटवाल्यांनी लिहिलंय, की रस्ता सापडत नाही, कंटाळा येतो," ती म्हणाली. "मला वाटतं, इथल्या माणसानं एकदा खेळून बघावा. काकांचे टॅग मी सगळे वाचते. त्यांनीही नापास केला तर मी महिनाअखेरीला गेम ऑनलाइन स्टोअरवरून काढून घेणार. घरचे नोकरी धर म्हणतायत, ती धरीन."

मी काकांच्या कन्सोलवर गेम चढवून दिला. तनुजाला म्हटलं, काळजी करू नकोस. काका तो पास करतील, अशी मनातून मला खात्री होती.

पुढच्या गुरुवारी लाल टॅग आला.

'दोष एक: रस्ता प्रत्येक फेरीला वेगळा. एकसारखेपणा नाही. दोष दोन: हाक मारायचं बटन पहिल्या तीन फेऱ्यांत चालतं, बाप ओ देतो. चौथीपासून बटन बंद. पाच फेऱ्या तपासल्या.' सही.

तनुजा दुकानातच होती. तिनं टॅग वाचला, दोनदा वाचला, आणि "बरोबर आहे काका" असं म्हणून निघून गेली. ती वाद घालती तर मला बरं वाटलं असतं. मला काकांचा भयंकर राग आला.

"काका, कारणाचा रकाना रिकामा आहे," मी टॅग त्यांच्यापुढे आपटला. "दुसऱ्याला नापास करता, मग कारण लिहायला काय झालं?"

त्यांनी चष्मा वर केला, रकाना बघितला. तो खरंच कोरा होता. माझ्या रागाचं त्यांना काही वाटलं नसावं, पण त्या कोऱ्या रकान्यानं ते अस्वस्थ झाले. "व्हय की," ते म्हणाले. "कारण बघाया पायजे." आणि टॅग खिशात घालून गेले.

त्यानंतर आठवडाभर काय झालं, ते त्यांनीच मला पुढच्या गुरुवारी सांगितलं. त्या दिवशी ते एकटे नव्हते. सोबत शकूकाकू होत्या, त्यांची बायको. दोघांच्या चपलांवर धूळ होती. काकांनी काउंटरवर चौकटीचा कागद उलगडला आणि म्हणाले, "त्या पोरीला बोलावून घे."

मी तनुजाला फोन केला. ती आली, दाराजवळच उभी राहिली.

"बाय, मी पुन्यांदा पयल्यापासून खेळलो," काका म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत. तुझी पोरगी चालती तवा पावलाचा आवाज येतो, त्यो मोजला. पयल्या फेरीला दोनशे बारा पावलं. मंग दोनशे तीस. मंग दोनशे एकसष्ट." कागदावर पेन्सिलीचे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका आधीच्याच्या वर होता. "आमच्याकडं नियम हाय. माप वर-खाली हाललं तर त्यो मशीनचा स्वभाव. पण सलग सात नग एकाच अंगाला सरकले, तर त्येला कारण असतं. मशीन थांबवायची आन् कारण हुडकायचं. मी पाचावर थांबलो व्हतो. ट्रेतनं पाच नग बघायची सवय ना."

"आणि सातव्या फेरीला?" मी विचारलं. मी स्वतः तिसऱ्या फेरीपुढे गेले नव्हते, हे कबूल करायला हवं.

"सातव्याला साडेसहाशेच्या वर पावलं. आन् म्होरं गेट." काकांनी कागदावरच्या सगळ्यात वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "गेटाच्या आत बाप हुबा. निळ्या कपड्यात. पोरगी गजातनं भाकरी देती. त्यो झाडाखाली बसून खातो. झाड त्येच, पयल्या फेरीत बांधावर व्हतं त्ये."

मी तनुजाकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "आजोबा वॉचमन होते. आमच्याच जमिनीवर जी कंपनी आली तिथं. भाकरी आई न्यायची, लहान होती तेव्हा. दुसऱ्या फेरीत ते पांढरे चौकोन आहेत ना, ते मोजणीचे दगड. मग तारेचं कुंपण, मग भिंत, मग ट्रकचा रस्ता. प्रत्येक वेळी तिला वळसा पडतो."

"मला ठावं हायती ती दगडं," काका म्हणाले. "माझ्या वावरात पन रवली व्हती."

मग एकेक करून बाहेर आलं. काका ज्या कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी करत होते, तो त्यांच्याच शेतावर उभा आहे. जमीन गेली, बदल्यात नोकरी मिळाली. बांधावरचा आंबा आता दुचाकींच्या पार्किंगमध्ये आहे आणि काका रोज त्याच्याच सावलीत गाडी लावतात. कॅन्टीन सुरू व्हायच्या आधीचे चार महिने शकूकाकू भाकरी घेऊन गेटवर यायच्या, आणि वॉचमन त्यांच्याकडे पास मागायचा.

मला राहवलं नाही. "काका, हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि तुम्हाला दगड ओळखू आले नाहीत?"

"नजर दोषावर व्हती," ते म्हणाले. "दोष बघाया बसलं का दुसरं दिसत न्हाई. लाज वाटली मला. लई लाज वाटली."

त्यांनी कन्सोल घरी नेऊन शकूकाकूंच्या हातात दिला होता. काकूंनी अशी वस्तू कधी हातात धरलेली नव्हती. त्यांनी पहिल्या फेरीला हाक मारली, बापानं ओ दिली. दुसरीला दिली, तिसरीला दिली. चौथीला काकूंनी हाक मारली आणि आवाज आला नाही, तेव्हा त्या काही तक्रार न करता तशाच पुढे चालत राहिल्या. काकांनी विचारलं, बटन बिघडलंय असं नाही वाटत तुला?

"मी काय म्हनावं?" शकूकाकू आता आम्हाला सांगत होत्या. "आमच्या घरातनं हाक मारली का ह्यांना बांधावर ऐकू जायची. कालवन झालं का मी वट्यावरनं हाक द्यायची आन् मंग निघायची. भिंत झाल्यावर पन दोन-चार येळा दिली, सवय व्हती म्हनून. मंग सोडून दिली."

तनुजा ओढणीचं टोक पिळत रडत होती. माझेही डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचं सुचलं नाही.

त्या दिवशी सकाळी दोघं घरातून निघून कंपनीच्या भिंतीला वळसा घालून आंब्याच्या बाजूपर्यंत चालत गेले होते, पावलं मोजत. चपलांवरची धूळ त्याची होती. पावलं भरली दोन हजार आठशे चाळीस. "तुझ्या गेमात वळसा कमी हाय," शकूकाकू तनुजाला म्हणाल्या. "आन् अजून येक. पोरगी चालती तवा डोक्यावरची पाटी जरा पन हालत न्हाई. असं नसतं. येक हात वर जातोच."

तनुजा रडता रडता हसली. "हात घालते, काकू. खरंच राहिला तो. येत्या महिन्यात नवी आवृत्ती चढवते."

"म्हंजी गेम काढून घ्यायचा न्हाई," काकांनी खात्री करून घेतली. तिनं मान हलवली. तेव्हा त्यांनी खिशातून जुना लाल टॅग काढला आणि त्याच्यावर नवा पिवळा बांधला. पिवळ्यावर लिहिलं होतं: 'किरकोळ दुरुस्ती, पाटीला हात. आधीचा निकाल चुकीचा. चूक तपासनीसाची, पाचच फेऱ्या पाहिल्या.' सही करताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. हिरवा द्या की आता, असं मी म्हणाले, तर त्यांनी पिवळ्यावरचं 'पाटीला हात' मला वाचून दाखवलं.

'न्याहारी' स्टोअरवर अजून आहे. त्याला खोका नाही, म्हणून तो जोडटॅग मी काउंटरच्या काचेवर लावलाय. लोक पिवळा वाचतात आणि पुढे जातात. एखादाच पिवळा उचलून खालचा लाल बघतो. कारणाचा तो कोरा रकाना काकांनी त्या दिवशी बांधायच्या आधी भरला होता, त्याच सुबक अक्षरात.

'बटन चांगलं आहे. हाक पोचत नाही.'