निम्मी की दुप्पट

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली पडायची. तिथे चटई टाकून मी आणि माझी मैत्रीण बारावीच्या फिजिक्सचा अभ्यास करायचो. ती खालच्या मजल्यावर राहायची आणि माझ्याच वर्गात होती. तिच्या घरचे मूळ लखनौचेच. आम्ही अकोल्याचे, बाबांच्या सरकारी नोकरीमुळे मी तिसरीत असताना इथे आलेलो. घरात मराठी, जिन्यात पाऊल टाकलं की हिंदी, आणि तीही इथली, स्वतःला ‘हम’ म्हणणारी.

फिजिक्स मला बऱ्यापैकी जमायचं. तिला त्याची धास्ती होती.

“सर समझाते हैं तो नींद आती है, तुम समझाती हो तो समझ में आता है,” ती म्हणायची.

हे ऐकायला मला फार आवडायचं. इतकं, की अर्धवट कळलेली गोष्टही मी ठाम आवाजात सांगायला लागले होते. कपॅसिटरचं तसंच झालं. वीज साठवणाऱ्या त्या दोन पट्ट्यांच्या मधे काचेसारखी लादी सरकवली, तर साठलेल्या ऊर्जेचं काय होतं? नेहमी विचारला जाणारा प्रश्न. उत्तर बॅटरी जोडलेली आहे की काढून टाकली आहे यावर अवलंबून असतं. मी त्यातला एकच प्रकार वाचला होता.

“ऊर्जा कम होगी,” मी तिला सांगितलं. “आँख बंद करके लिख देना.”

तिने वहीत तेवढं वाक्य चौकटीत लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्याच शाळेत होतं. ती माझ्या तीन बाकं पुढे. पेपर चांगला चालला होता. तीन मार्कांच्या प्रश्नांत तो कपॅसिटर आला, लादीने त्याची क्षमता दुप्पट होते असं दिलेलं. मी निम्मी ऊर्जा असं लिहून मोकळीही होत होते, आणि प्रश्नाची पहिली ओळ पुन्हा नजरेखालून गेली. बॅटरी जोडलेलीच होती. म्हणजे व्होल्टेज हलणार नाही, चार्ज वाढणार, ऊर्जा निम्मी नाही, दुप्पट होणार. लिहिलेल्यावर काट मारली आणि नव्याने सोडवलं. मग मान वर केली तर पुढे तिची वेणी दिसली, आणि न थांबता चालणारा तिचा उजवा कोपर. नंतरचे दोन प्रश्न मी कसे लिहिले, मला आठवत नाही.

दीड वाजता फाटकाबाहेर नेहमीची गर्दी. ई-रिक्षावाले ओरडत होते, शिकंजीच्या, म्हणजे मसाला लिंबूपाण्याच्या, गाडीला पोरापोरींचा गराडा पडला होता आणि प्रत्येकाच्या हातात प्रश्नपत्रिका होती. “चार नंबर का क्या आया?” “बी.” “अरे यार, सी है!” एकेका उत्तराला कोणी नाचत होतं, कोणी कपाळाला हात लावत होतं. मला तिथून निघायचं होतं. मी तिची बाही ओढली, पण ती ऐकेना. पहिल्यांदाच तिचा फिजिक्सचा पेपर पूर्ण लिहून झाला होता.

दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी म्हणाली, “कपैसिटर वाले में दुगुनी आई ना?”

“दुगुनी कहाँ, आधी!” मैत्रीण म्हणाली.

“बैटरी जुड़ी हुई थी.”

“तो क्या हुआ?” ती माझ्याकडे वळली. “तुम्हारा क्या आया?”

चार-पाच जणी माझ्याकडे बघत होत्या. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता.

“आधी,” मी म्हटलं.

“देखा? इसका भी आधी है. ये गलत नहीं करती.”

ती मुलगी खांदे उडवून निघून गेली. मैत्रिणीने मला शिकंजी पाजली. मी अर्धा ग्लास तसाच गाडीवर ठेवला.

केमिस्ट्रीच्या आधी पाच दिवसांची सुट्टी होती. ती दुसऱ्याच दिवशी आईबरोबर मलिहाबादला नानीकडे गेली. मी घरात राहिले आणि मला एका जागी बसवेना. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायचे, दोन पानं उलटायचे, उठून गॅलरीत जायचे, परत यायचे. तो प्रश्न मी सहा वेळा सोडवला, कुठूनतरी निम्मी ऊर्जा निघेल या आशेने. सहाही वेळा दुप्पट आली. तिला मेसेज लिहायचे आणि पुसायचे. आईने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. तिने कपाळाला बाम चोळला, तेव्हा तर जास्तच कसंतरी झालं.

बाबा हजरतगंजमधल्या ऑफिसातून संध्याकाळी आले, तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसले होते.

“काय झालं पोरी? पेपर तर चांगला गेला म्हणत होतीस.”

मी सगळं सांगून टाकलं. बाबा हेल्मेट मांडीवर घेऊन शेजारी बसले.

“चुकीचं शिकवलं, ते समजू शकतो,” ते म्हणाले. “मंग फाटकाबाहेर खोटं कशापायी बोललीस?”

“पता नहीं,” मी म्हणाले. अडचणीत आले की माझी मराठी पळून जाते.

“फोनवर नको सांगू. रविवारी जाऊ आपण.”

“इतक्या लांब? स्कूटरवर?”

“मंग काय!”

सगळं शहर ओलांडून आम्ही मलिहाबादच्या रस्त्याला लागलो. वाटेत दोनदा मला वाटलं, बाबांना स्कूटर फिरवायला सांगावं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दसरी आंब्याच्या बागा मोहराने भरल्या होत्या आणि कुठेतरी फवारणी चालू होती. गोड आणि औषधी वास एकदमच नाकात शिरत होता. नानीच्या घरी बाबांना चहाला बसवलं. मैत्रीण मागच्या बागेत खाटेवर केमिस्ट्री वाचत होती. मला बघून उडालीच.

“अरे! तुम यहाँ?”

“कुछ कहना था. वो कपैसिटर वाला... हमने आधी नहीं लिखा था. दुगुनी लिखा था.”

तिने पुस्तक मिटलं. “मतलब हमारा गलत है.”

“हाँ.”

“पर पढ़ाया तो तुमने ही था.”

“हमने गलत पढ़ाया था. हॉल में समझ आया.”

“कैसे?”

मी काडी घेऊन मातीत बॅटरी काढली, दोन पट्ट्या काढल्या, आणि व्होल्टेज का बदलत नाही ते सांगायला लागले. ती वाकून बघत होती. “अच्छा,” ती हळूच म्हणाली. तिला कळलं होतं. मला वाटलं, निभावलं. मग तिने पायाने ती आकृती पुसली.

“तीन नंबर गए, चलो ठीक है. गेट पर झूठ क्यों बोला?”

“तुम इतनी खुश थी...”

“हम उस लड़की से तुम्हारे भरोसे लड़ गए, यार. सबके सामने.” ती मातीवर पाय घासतच होती. “और तुम खड़ी देखती रही.”

मी सॉरी म्हणाले. ती पुस्तक उचलून घरात गेली. परतताना काकोरीच्या पुढे थांबून बाबांनी मला उसाचा रस घेऊन दिला आणि स्वतः दुसरीकडे बघत उभे राहिले. मला रडू देण्यासाठीच असावं ते.

ती गच्चीवर अभ्यासाला आली नाही. केमिस्ट्रीला आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. गणिताच्या दिवशी मात्र रिक्षा मिळेना, म्हणून एकीत बसलो. उतरताना तिने “बेस्ट ऑफ लक” म्हटलं, रस्त्याकडे बघत. पेपरनंतर फाटकाबाहेर ती थांबली नाही आणि मीही नाही.

मे महिन्यात निकाल लागला. मला फिजिक्समध्ये त्र्याऐंशी. दुपारी तिचा फोन आला, पेपरांनंतरचा पहिलाच.

“हमारे इकहत्तर. तुम्हारे?”

“तिरासी.”

“सच?”

एवढाच शब्द. तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. फोन ठेवून मी मार्कशीटचा फोटो पाठवला. तिने तो बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ ती काहीतरी टाइप करत असल्याचं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

शेवटी आलं: “बधाई. शाम को ऊपर आ रहे हैं, मम्मी ने खीर बनाई है.”

ती आली. वाटी माझ्या हातात दिली आणि आत न येता दारातच उभी राहून, कुठल्या कॉलेजचा फॉर्म भरणार, असं विचारलं.