खंड्याचं डावं शिंग

भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आलो, हे आधीच सांगतो. मी जनावरांचा डॉक्टर... वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूला माझा दवाखाना. बधिर करणं हे रोजचंच काम, आणि इतक्या वर्षांत मीही बराचसा बधिर झालोय. शेजारी जनावर हंबरत असलं तरी माझा चहा सुखाने चालतो.

रुक्मिणमावशी आपल्या हौश्या बैलाला घेऊन आल्या तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. हौश्याच्या डाव्या शिंगाला कॅन्सर. शिंग बुडापासून कापलं नाही तर बैल जाणार, हे नक्की. जोडीचा खंड्याही सोबत आणलेला, कारण त्याच्याशिवाय हौश्या टेम्पोत चढेना.

"लेकरावानी वाढवलं दोघायला. वाचवा, डॉक्टर," एवढंच मावशी म्हणाल्या.

हौश्याला लोखंडी खोड्यात घेतलं, खंड्याला लांब लिंबाखाली बांधलं. डोळा आणि शिंग यांच्यामधून एक नस जाते, तिथे भुलीचं इंजेक्शन दिलं. लागू पडलं की त्या बाजूची पापणी खाली येते. थोडं थांबलो... पापणी टक्क उघडी! शिंगाच्या बुडाला सुई टोचली तर पठ्ठ्याने अख्खा खोडा हलवला. पुन्हा इंजेक्शन दिलं. तेच. याहून जास्त देणं धोक्याचं होतं.

"डॉक्टर, खंड्याचा डोळा काहून झाकून राहिला?"

बघतो तर खंड्याची डावी पापणी लोंबलेली. माशी बसली असेल, म्हटलं. तरी जाऊन त्याच्या शिंगापाशी सुई टोचली. रक्ताचा थेंब आला, बैल निवांत रवंथ करतोय. त्याला तर मी हातसुद्धा लावला नव्हता!

"त्याला इकडं आणू का? हौश्या एकटा भिऊन राहिला," मावशी म्हणाल्या.

मी हो म्हटलं. दुसरं सुचतच नव्हतं. खंड्या जुवाला उभा राहतो तसा शेजारी येऊन उभा राहिला... आणि हौश्याची पापणी हळूहळू खाली आली. मी शिंग कापलं. त्याला काही कळलं नाही. मलाही काही वाटलं नाही — हात आपले चालत होते.

संध्याकाळपर्यंत दोघांचे डोळे नीट उघडले. पण खंड्याच्या शिंगाचं बूड बधिरच राहिलं. पुढे ड्रेसिंगला, लसीकरणाला गेलो की मी गुपचूप सुई लावून बघायचो. काही नाही. डॉक्टर मित्र म्हणाले, जुना मार असेल, नस मेली असेल. असेल बाबा...

पुढच्या हळदीत हौश्याची गाठ परत आली. या वेळी कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो गेल्याचा फोन आला, मी मावशींच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी पोचलो, तोवर त्याला पुरून झालं होतं. खंड्या शेजारी एका बैलाची जागा ठेवून उभा होता. मी सवयीने सुई लावली.

खंड्या असा हंबरला की माझ्या हातातून सुई पडली.

"नका टोचू, डॉक्टर." मावशींनी त्याच्या शिंगाच्या बुडावर तळवा ठेवला. "दुखून राहिलं त्याला."

मेलेली नस अशी एका दिवसात जिवंत होत नाही, एवढं मला माहीत आहे. बाकीचं अजूनही माहीत नाही. मी तिथेच बांधावर बसलो आणि रडलो.