डोळे मी आखले होते

"जुनं उकरू नका, पेन्शन अडेल," असं मुलगा म्हणतो. अडू दे.

नव्वदच्या दशकात मी रोह्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. राहायला पेणला, येणं-जाणं एसटीने. रविवारी आणि रजेच्या दिवशी मात्र हमरापूरला, मामेभावाच्या गणपतीच्या कारखान्यात. बाकी रंग कुणीही द्यावा, डोळ्यांची आखणी माझी. श्वास रोखून एक बारीक रेघ, की मूर्ती बघायला लागायची. त्याचे पैसे मिळत, मी घेत असे.

दरवर्षी कार्यालयात एक तक्ता फिरे. नोकरीखेरीज दुसरं काम करत असाल तर लिहा, परवानगी घ्या. तक्ता फिरवणारा मीच. सगळ्यांच्या सह्या घेऊन स्वतःच्या नावापुढे 'निरंक' लिहायचो. माझ्या रविवारावर साहेबांचा शेरा कशाला? हे मला आजही तसंच वाटतं.

एका श्रावणात निनावी अर्ज आला : आपला एक कर्मचारी हमरापूरच्या कारखान्यात काम करतो. साहेबांनी लगेच आमच्या शिपायाला धरलं. तो हमरापूरचा, त्याची बायको त्याच कारखान्यात रंगकाम करायची. साहेबांना एवढं पुरलं.

"नोटीस काढा," ते मला म्हणाले. मी टाइप केली, सही घेतली आणि त्याच्या हातात दिली.

बायकोचा डबा घेऊन तो कारखान्यात यायचा, तेव्हा माझ्या मागे उभा राहून आखणी बघायचा. नोटीस वाचून तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, डोल्यांसारकीच रेखीव केलीव."

साहेबांपुढे तो माझ्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही नाही. त्याची पोलादपूरला बदली झाली. तो आदेशही मीच टाइप केला. त्या वर्षी साहेबांच्या घरी दर्शनाला गेलो, तर मूर्ती आमच्याच कारखान्यातली. "डोळे बघा, किती जिवंत!" साहेब म्हणाले. मी प्रसाद खाऊन परत आलो.

गेल्या महिन्यात हमरापूरला जाऊन इथवरचं सगळं त्या शिपायाला वाचून दाखवलं. आतून त्याची बायको म्हणाली, "इतक्या वर्सांनी तोंड सापडला व्हय?"

"गप गो, वाचू दे." मग मला म्हणाला, "मी तवा का नाय बोललो, ता लिवलाव?"

"नाही. का?"

"मना वाटला, तुमी बोलशाल. दोन दिस वाट बघली."

तेव्हा घरी येऊन पुढचं जोडलं. माझ्या नावापुढचं 'निरंक' खोटं आहे. तिथे वाचावं : डोळ्यांची आखणी, हमरापूर, परवानगी घेतली नाही. त्या कामाची मला तेव्हा लाज नव्हती, आजही नाही. त्या दोन दिवसांची आहे.

याची प्रत रोह्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली. तिथला तरुण कारकून म्हणाला, "काका, हे कोण वाचणार आता?" मी म्हटलं, "शिक्का मार." ती पोच माझ्याकडे नाही. हमरापूरला, त्याच्या घरी ठेवायला दिली आहे.