एक नळी रक्त

चिंतामण गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या गोदामात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले." मी त्या गिऱ्हाइकालाच ओरडून हाकलून दिलं. राग कुणाचा, काढला कुणावर... महिना उलटला, तो राग अजून उतरलेला नाही.

तो इथल्याच किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा, मी घाटावरून आलेला. तारापूरच्या कारखान्यांतली रिकामी पिंपं घेऊन, धुऊन विकायचा धंदा आम्ही दोघांनी एका टेम्पोवर उभा केला. भांडायचं मी, आणि तोडलेलं गिऱ्हाईक चहा पाजून परत आणायचं त्याने. "शेट, देव भेटला तरी तू त्याला बोलशील, भाव जास्ती सांगतोस," असं म्हणून हसायचा.

आतड्याच्या ऑपरेशननंतर पालघरच्या रुग्णालयात त्याचा ताप हटेना. रक्तात बुरशी शिरली असावी, असा डॉक्टरांना संशय होता. नेहमीच्या तपासणीला रक्त आधीच दिलं होतं, पण तिच्यात ती वाढून दिसायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून रक्तातून थेट बुरशीचा डीएनए शोधणारी चाचणी त्यांनी सांगितली. प्रयोगशाळेतली बाई दोन नळ्या रक्त मागू लागली. त्याचे हात सुयांनी काळेनिळे पडलेले. मी भडकलो. "एकीत भागवा."

"काका, बुरशी रक्तात फार विरळ असते. कमी घेतलं तर हाती लागणार नाही."

मी आवाज चढवला. खाटेवरून चिंतामण म्हणाला, "आरं, रगत माजं हाय. तुजं काय जातंय? दे ना त्यांना."

मी ऐकलं नाही. ती एकच नळी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला, बुरशी आढळली नाही. जिंकल्यासारखा मी तो कागद डॉक्टरांपुढे नाचवला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, रक्त अपुरे, बुरशी नसल्याची खात्री देता येत नाही. करारातलं अक्षरन् अक्षर वाचणाऱ्या मला ती ओळ दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा रक्त घेऊ, औषध आजच सुरू करू. मी म्हटलं, नसलेल्या रोगाचं औषध कशाला? वहिनी म्हणाल्या, भावजी म्हणतील तसं. घासाघीस करून मी दोन दिवस मागून घेतले. नेहमीच्या तपासणीत बुरशी उगवून आली, तोवर तो माणसं ओळखेनासा झाला होता.

आपल्या मालाची किंमत ज्याला ठाऊक आहे, तो माझ्यापुढे हटत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं. मग ती बाई का हटली? डॉक्टर का हटले? हा दावा मी मनात रोज मांडतो, आणि रोज तो माझ्यावरच उलटतो.

परवा मुरब्याला गेलो होतो. वहिनींनी विचारलं, "भावजी, तपासण्या सगळ्या पुऱ्या झाल्या व्हत्या ना?" मी हो म्हणालो. वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. तोंडावर जे बोलता आलं नाही, ते इथे लिहिलं आहे.

आतल्या खोलीत खुंटीवर त्याचा रुग्णालयातून आणलेला शर्ट होता. वहिनींनी तो अजून धुतलेला नाही. दोन्ही बाह्या कोपरांच्या वर दुमडलेल्या होत्या.