गावाला वाळायला गेलेल्या आठळ्या

बियांवर इतका जीव असलेला आणि बियांच्याच जिवावर उठलेला माणूस आमच्या व्याह्यांखेरीज अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर मला नावं ठेवू नका. माझ्या लेकीचे हे सासरे देशावरचे. सगळी नोकरी धान्याच्या गोदामात काढली; ज्वारीच्या पोत्याला ओल लागली की ह्यांच्या पोटात कळ यायची. निवृत्त होऊन मुलाकडे चंदनसारच्या फ्लॅटमध्ये आले, पोती सुटली, पण ओलीशी वैर काही सुटलं नाही. "ही हवा आहे का पिळायचा राहिलेला टॉवेल?" असं रोज सकाळी खिडकीत उभं राहून आमच्या हवेला बोलतात. जशी काही ती मीच लेकीबरोबर आंदण दिली!

फळ कुणी का खाईना, बी ह्यांची. पाहुणा सीताफळ खायला बसला की हे बशी धरून समोर उभे. "थुंका, इथं थुंका, लाजू नका." माझा भाऊ बिचारा घाबरून दोन बिया गिळून मोकळा झाला, तर त्यालाच ओरडले. मग त्या बिया धुवायच्या, राखेत घोळायच्या, वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवायच्या. लेक फोनवर रडकुंडीला येते, "आई, आमच्याकडे पंखा पपईला असतो, माणसं पुठ्ठ्याने वारा घेतात." वाळलेलं बी ते कानाशी वाजवणार, दाताखाली धरणार, कट्ट झालं तर डब्यात, नाहीतर परत पंख्याखाली. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या पपया, सीताफळं उगवतातही. अर्ध्या सोसायटीच्या कुंड्यांत ह्यांचीच रोपं आहेत. म्हणून तर कुणाचं ऐकायला नको!

तर आमच्या नंदाखालच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्याला लागून, आमच्या ह्यांनी लावलेला फणस होता. हे गेले, फणस राहिला. यंदा उन्हाळ्यातल्या वादळात तोही मुळासकट आडवा झाला. फळं सगळी कोवळी, एकच काय ते पिकण्याजोगं. ते पिकवलं, गरे वाटले आणि आठळ्या तेवढ्या ठेवल्या. पडलेला बुंधा उचलून जागा मोकळी झाली की तिथेच लावायच्या होत्या. आठळी म्हणजे तान्हं मूल, तिला ऊन दाखवायचं नाही. सुकली की संपली. म्हणून ओल्या वाळूत घालून पाटी मागच्या दाराशी सावलीत ठेवली होती.

त्या रविवारी व्याही जेवायला आले. जेवण झाल्यावर मी शेजारच्या बाळंतिणीला बघायला गेले, असा कितीसा वेळ! परत येते तर व्याही नाहीत, आठळ्या नाहीत, आणि पाटीतली वाळूसुद्धा अंगणात उन्हाला पसरलेली. फोन केला.

"विहीणबाई, वेळेवर पाहिलं म्हणून वाचल्या! चिखलात ठेवता होय बी?"

"व्याही, त्या आत्ताच्या आत्ता परत आणा."

"आता कशा आणू? गाडीत बसलो की. इथल्या हवेत सात जन्म वाळायच्या नाहीत, गावाकडं घेऊन चाललोय. तिथलं ऊन बघा कसं कडक!"

मी इकडून ओरडतेय, ते तिकडून "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" म्हणतायत. आठळ्या सोलापूरकडे वाळायला निघाल्या! जगात कुणाची बुद्धी अशी गेली असेल का, सांगा!

पंधरवड्याने आले ते डबा वाजवतच फाटकातून आत शिरले. "ऐका! ऐका कसा खळखळ आवाज!" मुलाच्या लग्नातसुद्धा हा माणूस इतका खूश नव्हता. मी एक आठळी पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडली. आत कवडीसारखी कडक, तांबूस, निर्जीव.

"मेली," मी म्हटलं. "मारलीत तुम्ही. सगळ्या मारल्यात."

"बी उन्हानं मरतं होय कुठं?"

"ज्वारी मरत नसेल! फणस मरतो! तुमच्या गोदामात कधी फणस ठेवला होता का?"

त्या दिवशी मी काय काय बोलले ते लेकीच्या सासऱ्याला बोलायचं नसतं. आमचे हे गेल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच झाड उरलं होतं, हेही बोलले. तेव्हा डबा वाजायचा थांबला. चहा तसाच ठेवून गेले.

पाऊस लागला तरी माझा राग उतरेना. लेक म्हणाली, सासऱ्यांनी त्या आठळ्या रात्रभर भिजवून कुंड्यांत लावल्यात. श्रावणात मी मुद्दाम चंदनसारला गेले. त्या कुंड्या फेकायला लावायच्या आणि राहिलेलं बोलून टाकायचं, असं वाटभर ठरवत गेले. व्याही बाल्कनीत स्टुलावर बसले होते. समोर कुंड्यांची रांग, सगळ्यांत नुसती काळी माती. एकीत बोट खुपसून बघत होते. मला पाहून उठले नाहीत, की हवेला काही बोलले नाहीत.

"विहीणबाई," खाली बघतच म्हणाले, "एवढी ओल पुरे होईल का हो?"

मी तोंड उघडलं होतं भांडायला. त्या मातीतून काही वर येणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही आता माहीत असावं.

"थोडं आणखी घाला," मी म्हटलं.