नैवेद्याचे मशीन

या सदरातले अनुभव मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि खरे सांगायचे तर वाचून बाजूला ठेवत आलो आहे. माझे सगळे आयुष्य संगणकांबरोबर गेले. संगणक एखादी गोष्ट करतो तेव्हा तिच्यामागे कारण असते. आपल्याला ते सापडत नाही, एवढेच — असे मी कनिष्ठांना शिकवत आलो. आजही तेच शिकवतो. फक्त आता शिकवताना आवाज पूर्वीसारखा ठाम निघत नाही...

मी मूळचा अमळनेरकडचा. सुरतेत पांडेसऱ्याला कापड रंगाई-छपाईच्या एका मोठ्या समूहाच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळतो. बमरोली, कडोदरा आणि आणखी काही ठिकाणी आमची युनिट्स आहेत. लॅबमध्ये, वजनकाट्यावर, डिस्पॅचला, हिशेबात — सगळीकडे मिळून शेकडो संगणक. एखादा नवा प्रोग्रॅम आला की प्रत्येक मशीनपाशी जाऊन तो बसवणे शक्य नसते. म्हणून त्याचे 'पॅकेज' बांधावे लागते. कुठली फाइल कुठे जाईल, जुने काय काढायचे, वाटेत कोणता प्रश्न आला तर त्याचे उत्तर काय, हे सारे आधीच ठरवून ते गाठोडे सर्व्हरवर ठेवायचे आणि तिथून सगळीकडे ढकलायचे. नीट बांधले असेल तर माणसाला कळतही नाही. चुकले, तर एकाच वेळी शेकडो संगणक बंद.

हे बांधण्याचे काम हेमलता करायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिचे वडील लूमवर काम करण्यासाठी नंदुरबारकडून सुरतेला आले होते. ऑफिसात ती सगळ्यांशी हिंदी-गुजराती बोलायची, माझ्याशी मात्र अहिराणी — 'माझी'ला 'मनी', 'आला'ला 'उना'. मला 'दादा' म्हणायची आणि 'अरे-तुरे' करायची. राखी बांधायची, म्हणून तिची मुलगी श्रुती मला मामा म्हणते.

आमच्या विभागात तिनेच पाडलेली एक पद्धत होती. कोणतेही पॅकेज आधी तिच्या स्वतःच्या मशीनवर जाणार. इतरांच्या संगणकावर प्रोग्रॅम न विचारता बसतो; तिच्या पडद्यावर मात्र एक चौकट यायची — 'बसवू का?' तिने 'हो' दाबले आणि काम नीट पार पडले, की बाकीची मशीन्स आपोआप सुरू होत. "आधी नैवेद्य, मंग पंगत," ती म्हणायची. "देव आजारी पडना तर पंगत रद्द!" त्यामुळे सगळे ऑफिस तिच्या संगणकाला नैवेद्याचे मशीन म्हणे. जयेशभाई, आमचे व्यवस्थापक, जाता-येता चिडवत, "शुं हेमाबेन, भगवान जम्या के नहीं?" — देव जेवले की नाही?

मागच्या वर्षी ती आजारी पडली. आजाराचे नाव लिहीत नाही. ती दीर्घ रजेवर गेली. दरम्यान आमच्या खोलीला रंग दिला, तेव्हा तिच्या संगणकाच्या सगळ्या वायरी काढल्या आणि तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी ठेवला. त्या काळात लहानसहान कामे मी माझ्या मशीनवर तपासून उरकत होतो. यादीतून तिच्या मशीनचे नाव काढले नाही, इतकेच. तिथे 'संपर्क नाही' असे दिसे आणि सर्व्हर ते मशीन वगळून पुढे जाई. ते दिसत राहावे असे मला वाटत होते की काय, सांगता येत नाही.

आता जे लिहायचे आहे ते जड जाते आहे.

श्रुती जळगावला फार्मसीला होती, परीक्षा तोंडावर. आईचे दुखणे कोणत्या थराला गेले आहे हे तिला कळू द्यायचे नाही, असे घरात ठरले. 'थोडा अशक्तपणा आहे, सलाइन लावतात' एवढेच तिला सांगितले जाई. हा सल्ला माझा होता. हेमलताचे यजमान दिलीप माझा शब्द मोडत नाहीत. मी त्यांना म्हणालो होतो, "पोरीचे वर्ष वाया जाईल. परीक्षा होऊ दे, मग सांगू." आपल्या लोकांत हे असेच करतात. परीक्षा म्हटले की घरातले मरणसुद्धा दाराबाहेर उभे ठेवतात. मला त्यात शहाणपण वाटले होते.

हिशेबाच्या मोठ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सगळीकडे पाठवायची होती. पॅकेज मीच बांधले. ज्या सकाळी ते ढकलायचे, त्याच सकाळी हेमलताचा मोबाइलवर आवाजी निरोप आला. दमलेला आवाज, मध्येच थांबणारा. "दादा... मनी पोरले बलाव. हाई लोके मनं ऐकतस नही. तू सांग दिलीपले."

मी उत्तर लिहिले : 'रोलआउट आहे आज. उद्या येऊन बोलतो. परीक्षा संपतच आली आहे, धीर धर.'

आणि मी पॅकेज ढकलले.

काही मिनिटांत पहिल्या चाचणीचा अहवाल आला. माझ्या मशीनवर काम पूर्ण. खालच्या ओळीत हेमलताचे मशीन. तिथे 'संपर्क नाही' नव्हते. लिहिले होते — 'वापरकर्त्याच्या उत्तराची प्रतीक्षा'. पुढे तिचे नाव.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे शब्द येण्यासाठी मशीन चालू हवे, नेटवर्कला जोडलेले हवे आणि त्यावर कोणीतरी आपल्या पासवर्डने आत आलेले हवे. मगच ती चौकट उघडते आणि उत्तराची वाट पाहते. मी मान वळवून भिंतीकडे पाहिले. संगणक प्लास्टिकमध्ये होता.

मला भीती वाटली नाही, वैताग आला. दुसऱ्या एखाद्या मशीनला चुकून तेच नाव दिले गेले असेल, म्हणून शोध घेतला. ओळख क्रमांक तिच्याच यंत्राचा होता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला तरुण म्हणाला, "सर, जुनी नोंद राहिली असेल." पण ज्या पॅकेजचा जन्मच ती रजेवर गेल्यानंतर झाला, त्याची जुनी नोंद कशी असेल? तो म्हणाला, "बघून कळवतो." प्लास्टिक सोडवून मी पेटीवर हात ठेवला. थंड होती, बोटांना रंगाची धूळ लागली.

तिच्या मशीनचे उत्तर येईपर्यंत बाकीची मशीन्स सुरू होणार नव्हती. जयेशभाई दोनदा येऊन गेले. "साहेब, एक मशीन माटे आखी कंपनी ऊभी रहेशे? काढी नाखो ने एने!"

"काढतो," मी म्हणालो.

यादीतून तिचे मशीन काढायला एक क्लिक पुरेसा होता. नाव निवडले... आणि हात मागे घेतला. त्याऐवजी मी सबंध दिवस स्विच, वायरी, सर्व्हर तपासत बसलो. संध्याकाळी घरी जाताना हॉस्पिटल वाटेवरच होते. रिक्षातून त्याच्या खिडक्या पाहिल्या आणि पुढे गेलो. मनाला सांगितले — आज दमलो आहे, उद्या निवांत जाऊ.

दुसऱ्या दिवशी तीच ओळ, तेच शब्द. मग दुपारी मी हॉस्पिटलला गेलो. इथे मला खोटे लिहायचे नाही : मी तिला भेटायला गेलो नव्हतो. तिचा पासवर्ड कोणाजवळ आहे का, हे विचारायला गेलो होतो.

दिलीप दाराशी स्टुलावर बसले होते. हेमलता उशीला टेकून होती. डोळे तेवढे तिचे राहिले होते.

"उना का रे दादा? भेटना का टाइम?"

मी सगळे सांगितले. ती हसली, हसता हसता खोकली. दिलीप पाणी घेऊन उठले. "मशीन बंद शे म्हणस, मंग त्यावर कोन बशेल शे? मी तर आठे शे!"

"म्हणून तर विचारायला आलो."

"देख," ती दिलीपना म्हणाली, "मशीनसाठे उना. मनासाठे नही."

"तसे नाही गं—"

"तसंच शे." तिने माझा हात धरला. पकड हलकी होती, पण सोडवेना. "मना मशीननी इतली कायजी करस, मनी पोरनी कर. मी तिनी वाट देखी ऱ्हायनू, दादा. माले तिनासंगे बोलनं शे. मंग उशीर व्हई जाई."

दिलीप हळूच म्हणाले, "दादा, तुम्हीच म्हणाले होते ना... परीक्षा..."

"मी चुकीचे म्हणालो होतो," मी म्हणालो आणि बाहेर व्हरांड्यात येऊन श्रुतीला फोन लावला.

"मामा? आत्ता कसा फोन? परवा पेपर आहे माझा."

"पेपर राहू दे, बाळा. मिळेल ती गाडी पकड आणि ये. आई बोलावते आहे."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग तिने विचारले, "सलाइन म्हणाला होतात ना तुम्ही?"

जळगावहून सुरत काही फार लांब नाही. पण ती निघेपर्यंत, गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ उतरली. तोवर हेमलताची शुद्ध हरपली होती. श्रुती आली तशी पाठीवरची बॅग न काढता आईच्या कानाशी वाकून बोलत राहिली. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता गेली. आदल्या दिवशी माझ्याशी झालेले बोलणे हेच तिचे शेवटचे शुद्धीतले बोलणे, असे दिलीप सांगतात. म्हणजे लेकीच्या वाट्याचा वेळ मला मिळाला.

मी ऑफिसला परतलो तेव्हा जयेशभाई उठून उभे राहिले. हेमाबेनविषयी दोन शब्द बोलले. मग संकोचाने म्हणाले, "पण साहेब, एवढ्या गडबडीतही तुम्ही काम पूरं कर्युं. कुठूनच एक फरियाद नथी आवी."

मी काही केले नव्हते. पडदा उघडून पाहिले. मी श्रुतीला फोन करत होतो, त्याच दुपारी हेमलताच्या मशीनपुढची 'प्रतीक्षा' संपली होती. 'वापरकर्त्याने संमती दिली. काम पूर्ण.' आणि नियमाप्रमाणे त्यानंतर बाकीची सगळी मशीन्स ओळीने पूर्ण झाली होती. एकही अडले नव्हते.

सगळ्यांसमोर तिच्या संगणकाला वायरी जोडून तो सुरू केला. त्यात नवा प्रोग्रॅम नव्हता. तो कोणी चालू केल्याची कसलीही खूण नव्हती. रजेवर जाण्यापूर्वी शेवटचा बंद केला होता, तसाच होता.

मी ओळखीच्या जाणकारांना विचारले. कोणी सर्व्हरची चूक म्हणाले, कोणी योगायोग. एकाने मलाच विचारले, "तणावात होतात, तुम्हीच संमती देऊन विसरला नसाल?" तेही तपासले. ती संमती तिच्या मशीनशिवाय देताच येत नाही. पुरवठादार कंपनीने अजून कळवलेले नाही. मला स्पष्टीकरण सापडलेले नाही आणि सापडेल असे आता वाटत नाही. एवढे मात्र समजते, की ते जे काही होते ते मला पहिल्या दिवशीच बोलावत असेल, तर मी तो दिवस वायरी तपासण्यात घालवला.

काही आठवड्यांनी श्रुती आईच्या वस्तू न्यायला आली. एसीसाठी ठेवलेला स्वेटर, डबा, खणातली टिकल्यांची पाकिटे. तिने सगळे पिशवीत भरले आणि उभ्याउभ्याच विचारले, "मामा, आईने मला नक्की कधी बोलावलं होतं? बाबा म्हणतात, तुमचा फोन आला त्याच दुपारी."

दिलीपनी मला वाचवले होते. 'हो' म्हणणे पुरेसे होते.

"नाही," मी म्हणालो. "आदल्या दिवशी सकाळी. मला निरोप पाठवला होता." आणि मोबाइल काढून तो तिच्या हातात दिला.

तिने तो आवाज कानाशी धरून ऐकला. मग पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा लावून ती माझ्या खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसली, पाठ माझ्याकडे करून. मी तिथेच उभा राहिलो. फोन परत मागण्याचा अधिकार मला नव्हता.